वन्संची टेकडी

बागेच्या फाटकातून आत शिरल्यावर आमच्या वन्संना सरळ पुढे जाताना मी कधी पाहिलं नाही. आत आल्या की त्या थांबायच्या, चपलेचा तळ जमिनीवर घासायच्या आणि मान वर करून टेकडीकडे बघायच्या. घरात कुणी आजारी असलं की आपण बाहेरून आल्याबरोबर आधी त्याच्या खोलीत डोकावतो ना, तसं. टेकडी जागेवर दिसली की मगच पुढचं पाऊल.

टेकडी तरी केवढी! दोन-तीन मजली घराएवढी. बागेच्या मागच्या अंगाला, अंगावर गवत, मधे मधे वाकडीतिकडी झुडपं आणि माथ्यावर एक दगडी बाक. तरणी मुलं पळत सुटली तर एका दमात वर. पण आमचं शहर ताटासारखं सपाट, त्यामुळे तिलाच सगळे टेकडी म्हणत. वरून अख्खी बाग दिसायची, पलीकडे छपरांच्या रांगा, पाण्याची टाकी आणि आमच्या मागच्या खोलीची खिडकीसुद्धा. त्या खोलीत वन्सं राहतात.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी सून म्हणून आले तेव्हा विचारायची हिंमत नव्हती आणि हिंमत आली तोवर विचारण्यात अर्थ उरला नव्हता. भूमापन कचेरीत ट्रेसर होत्या. जुना नकाशा फाटायला आला की त्यावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि खालची रेघन् रेघ शाईने वर उतरवायची, हे काम. शाईला रबर चालत नाही. चुकलं तर दाढीच्या ब्लेडने ती रेघ हलक्या हाताने खरवडायची आणि मग नखाने ती जागा घोटून अशी गुळगुळीत करायची की चूक झाली होती हे साहेबालाही कळू नये. वन्संच्या हातातलं हे कसब बघून कचेरीत त्यांना ब्लेडबाई म्हणत. थोडं कौतुकाने, थोडं धाकाने. कारण त्यांचं तोंडही तसंच.

"आमच्या घरात उशीसुद्धा काटकोनात ठेवावी लागते," आमचे हे पाहुण्यांना सांगायचे. "नाहीतर ही रात्री उठून मोजते."

"मी कशाला मोजू? नुसतं बघून कळतं," वन्सं म्हणायच्या. "तुझं डोकंसुद्धा जरा डावीकडे कललेलं आहे, जन्मापासून."

पाहुणे हसायचे. भावाबहिणीचं बोलणं एवढंच, चिमटे काढण्यापुरतं. पण ते मला बरं वाटायचं. मुलं आपापल्या वाटेने दूर गेल्यावर घरात तेवढाच आवाज होता.

ट्रेसरचा एक नियम वन्संनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सांगितला होता. मी त्यांच्या टेबलाशी उभी राहून बघत होते. नकाशाचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला होता आणि तिथला रस्ता तुटून पुढे पुन्हा सुरू होत होता. मी म्हटलं, "मधलं जोडून टाका की. सरळच तर जातोय."

"नाही वहिनी," त्या म्हणाल्या. "मुळात नाही ते उतरवायचं नाही. कुरतडलेलं असेल तर कुरतडलेलंच दाखवायचं. मधे वळण असेल, विहीर असेल, कुणाचं घर असेल. आपल्याला काय ठाऊक?"

हे इतक्या सविस्तर लिहिते आहे त्याला कारण आहे. आयुष्यभर पाळलेला तो नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तो टेकडीसाठी.

आमचे मामंजी, म्हणजे वन्संचे वडील, त्या बागेत मुकादम होते. बाग आखली गेली तेव्हापासून. मी आले तेव्हा ते थकले होते. फार बोलत नसत. जेवताना ताटात काही उरू देत नसत आणि कुणी मोठ्याने दार लावलं की दचकत. संध्याकाळी काठी घेऊन टेकडीवर जाऊन बसायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे. वन्सं लहान असताना ते त्यांना खांद्यावर बसवून वर नेत. त्या पहिल्यांदा चढल्या तेव्हा मामंजी त्यांना म्हणाले होते, "ही कुणी केलेली नाही, बाळ. ही आधीपासून आहे. शहर नंतर आलं, हिच्या कडेकडेने."

हे वाक्य मी वन्संच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की मला ते मामंजींच्याच आवाजात ऐकू येतं, ते माझ्याशी असं कधी बोललेले नसूनही.

नोकरी संपली आणि वन्संनी बागेचा इतिहास लिहायचं मनावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. "निवृत्त माणसं देवाला लागतात, मी टेकडीला लागले," असं म्हणायच्या आणि माझ्याकडे बघून जीभ चावायच्या. मला त्याचा राग नव्हता. मी सकाळी प्रार्थनेला बसते तेव्हा त्याही आपल्या टेबलाशी बसत. दोघींची पाठ एकमेकींकडे, दोघी आपापल्या कामात मान खाली घालून. कुणाचं नेमकं काय चाललंय हे बाहेरून बघणाऱ्याला कळलं नसतं.

वाचनालय झालं, जुनी कचेरी झाली, माळ्यांशी गप्पा झाल्या. पण त्यांचा खरा भरवसा पायांवर आणि डोळ्यांवर. बागेची जमीन कुठे किती उतरते ते मोजायचं म्हणून त्यांनी गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरायचं, एक टोक एकीने धरायचं, दुसरं दुसरीने, आणि दोन्हीकडे पाणी कुठे थांबतं ते बघायचं. भावाला म्हणाल्या, "चल, एक टोक धर." हे म्हणाले, "मला पेपर वाचायचाय." मग मी धरलं. साठी ओलांडलेल्या दोन बायका लांबलचक नळी घेऊन गवतात वाकलेल्या. मुलं मागे मागे. पहारेकरी धावत आला.

"मावशी, गॅस गळतोय का कुठे?"

"तुझं डोकं गळतंय," वन्सं म्हणाल्या. "नळीवरचा पाय काढ."

ते दिवस चांगले होते. तेव्हा ते कळत नाही, असो.

टेकडीबद्दल त्यांनी पुष्कळ बारकावे टिपले. तिच्यावर मोठं झाड टिकत नाही. लावलेलं रोप माणसाएवढं होतं आणि मग वाळतं. म्हणजे खाली खडक, मुळांना जागा नाही. पावसानंतर पश्चिमेच्या उतारावर दरवर्षी एक जागा खचते. म्हणजे आत झरा असणार. माथ्यावर पाय आपटला तर काही ठिकाणी पोकळ आवाज येतो. म्हणजे कपार. मी ऐकत राहायची आणि मला सगळं पटायचं. त्या इतक्या खात्रीने सांगत की मलाही पायाखालचा खडक जाणवायचा.

अडचण एकच होती. बाग होण्याच्या आधीचा जो सर्वांत जुना नकाशा मिळाला, त्यात बागेची सगळी जागा कोरी होती. चारही बाजूंना रस्ते, घरं, नाला, सगळं रेखलेलं, आणि मधे नुसती हद्दीची रेघ. आत काही नाही. टेकडीही नाही.

वन्सं त्या कोऱ्या जागेपुढे दिवसचे दिवस बसल्या. मग एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर त्या त्याच नकाशाच्या कापडी प्रतीवर, कोऱ्या जागेत, बारीक निबाने टेकडी काढत होत्या. उताराच्या रेघा, एकात एक, बोटाच्या ठशासारख्या. सुरेख काढली होती.

"वन्सं," मी म्हटलं, "हे मुळात नाही ना?"

त्यांनी मान वर केली नाही. "खडकाळ चढावर मोजणीचं यंत्र मांडता येत नाही, म्हणून सोडली असणार जागा. बाबांनी पाहिली होती ना टेकडी. बाबा म्हणजे मूळच, वहिनी."

मी चहा ठेवला आणि आले.

पुढे बागेत गाड्या उभ्या करायला जागा करायचं ठरलं. फाटकावर नोटीस लागली. योजना अशी होती की पूर्वेचा फुलांचा वाफा आणि जुनी स्वच्छतागृहं जायची, आणि टेकडीच्या पायथ्याची थोडी कड कापली जायची. शहरात कुजबुज झाली. बागेत रोज एका ठरलेल्या बाकावर बसणारे एक निवृत्त वकील होते, त्यांनी चारचौघांना जमवलं. वन्संचा अभ्यास बघून ते हरखलेच. "बाई, तुम्ही म्हणजे आमची तोफ," म्हणाले.

हरकती ऐकायला बैठक बसली तेव्हा मी वन्संबरोबर गेले होते. लांब टेबल, पंख्याने उडणारे कागद, त्यांवर ठेवलेले पाण्याचे ग्लास. इंजिनिअर तरुण होता, सभ्य होता. त्याने वन्संना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

"मावशी, टेकडीला आम्ही हात लावतच नाही आहोत. फक्त पायथ्याची कड."

"कड काढली की वरचं बसतं. आणि तुमच्याच नियमात आहे, नैसर्गिक उंचवट्याला धक्का लावता येत नाही. पायथ्यालाही नाही."

"नैसर्गिक आहे हे कशावरून?"

वन्संनी नकाशा उलगडला. त्यांनीच काढलेल्या त्या रेघा. इंजिनिअर वाकून बघत राहिला. "हे तुम्ही काढलंय?" त्याने विचारलं. त्याला खरंच आवडलं होतं. "पण मावशी, हे तर कुणीही काढू शकतं. असं कुणी मानणार नाही."

"मग खणून बघा," वन्सं म्हणाल्या. "एक खड्डा घ्या. माझ्या अर्जावर घ्या. खडक लागला तर योजना बागेबाहेर न्या."

वकिलांनी टाळी वाजवली. इंजिनिअरने खांदे उडवले आणि लिहून घेतलं.

घरी येऊन वन्संनी हे सांगितलं तेव्हा आम्ही जेवत होतो. ह्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"खणायला कुणी सांगितलं तुला?"

"मीच सांगितलं. तुला काय झालं?"

"काही नाही. कशाला उकरायचं? आहे तशी राहू दे की. कड जाईल तर जाईल."

"कड जाईल तर जाईल? बाबांची टेकडी आहे ती."

"जाऊ दे," हे म्हणाले.

"तुझं नेहमीचंच, जाऊ दे."

हे उठले. हात धुऊन मागच्या गॅलरीत गेले आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालत बसले. एवढ्या संसारात मी त्यांना कपड्याची घडी घालताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बहिणीवर चिडलेत. तो विचार मी तिथेच सोडून भांडी घासायला घेतली.

खड्ड्याच्या आदल्या दिवशी मी प्रार्थनेत टेकडीसाठी मागितलं. मला देवाकडे नेमकं मागायची सवय नाही. आपण काय मागतो त्याचं पुढे काय होईल हे आपल्याला कुठे कळतं, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून मी म्हटलं, जे खरं असेल ते वर येऊ दे.

सकाळी लहान यंत्र आलं, पुढे दातेरी बादली असलेलं. बघायला माणसं जमली. वकील टोपी घालून. पहारेकरी. वन्सं कडेला उभ्या होत्या, धुऊन इस्त्री केलेल्या कपड्यांत, हातात पेन्सिल. बादली गवतात घुसली आणि मातीचा ओला वास आला.

"ही वरची माती," वन्सं मला म्हणाल्या. "आता मुरूम लागेल. मग खडक."

मुरूम लागला नाही. लाल तुकडे आले. विटा.

"बाकासाठी पाया घातला असेल," वन्सं म्हणाल्या.

मग चुन्याची ढेकळं आली. फुटक्या कौलांचा ढीग आला. दाराची कडी आली, तिला चौकटीचा कुजका तुकडा चिकटलेला. लोखंडी शेगडीची जाळी. दात तुटलेला कंगवा. यंत्र थांबत नव्हतं आणि प्रत्येक बादलीत काहीतरी होतं. मग एक मोठा तुकडा कडेला येऊन पडला. भिंतीचा. त्यावर निळा रंग होता आणि त्या निळ्यावर वर चढत गेलेली काजळी. काजळीच्या बाजूला एक खिळा आणि खिळ्याला सुतळीचा फास.

तिथे जमलेल्या माणसांना तो नुसता राडारोडा दिसला असेल. मला ते स्वयंपाकघर दिसलं. चुलीच्या उजव्या हाताला, उभ्या बाईच्या खांद्याएवढ्या उंचीवर, चिमटा अडकवायचा खिळा. माझ्या घरातही त्याच जागी आहे. न बघता हात जातो. कुणाचा तरी हात असाच न बघता तिथे जात असणार.

"मावशी," यंत्रवाला वरून ओरडला, "हे तर अख्खं गाव आहे हो आत!"

कुणीतरी हसलं. वन्सं हसल्या नाहीत. "अजून खाली," त्या म्हणाल्या. "खाली खडक असेल."

"आणखी खाली घे," इंजिनिअर म्हणाला. त्याने त्यांचा मान राखला. यंत्र खाली गेलं. विटा, कौलं, भिंती, पुन्हा भिंती. कुठे हिरवा रंग, कुठे पिवळा. आणि सगळ्यांत खाली काळी, घट्ट, सपाट जमीन. बागेत इतर सगळीकडे आहे तशीच. वन्संची पेन्सिल हातात तशीच होती. कागदावर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

इंजिनिअर खड्ड्याच्या कडेला बसून बराच वेळ बघत राहिला. मग उठून हात झटकले. "भराव आहे, मावशी. पूर्ण भराव. इथली वस्ती पाडून ढीग केलाय आणि वरून माती टाकलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे नैसर्गिक नाही. नियम लागू होत नाही." तो वकिलांकडे वळून म्हणाला, "उलट बरंच झालं. कड कापायची, आधाराची भिंत बांधायची, सगळी कटकट होती. आता पूर्णच काढता येईल. पूर्वेच्या वाफ्याला हात लावायला नको." आणि परत वन्संना, अगदी मनापासून, "तुमच्यामुळे कळलं. नाहीतर आम्हाला कुठे माहीत होतं?"

वन्संनी मान हलवली. कुणी आभार मानले की आपण हलवतो तशी. मग त्या फाटकाकडे चालू लागल्या आणि मी त्यांच्या मागोमाग.

घरी हे दारातच उभे होते. बागेत आले नव्हते. वन्सं चपला न काढता आत आल्या आणि बसल्या.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

हे माझ्यापेक्षा मोठे, वन्संपेक्षाही आठ वर्षांनी मोठे. पण त्या दिवशी मार खायला तयार झालेल्या मुलासारखे उभे होते. मग सांगू लागले. मध्येच थांबत, पाणी पीत. ते शाळेत होते तेव्हाची गोष्ट. दुपारी मामंजींचा डबा पोचवायला जायचे. तिथे घरं होती, गल्ल्या होत्या, एका दारात नेहमी एक लंगडी शेळी बांधलेली असायची. मग एक दिवस घरं उतरवायला सुरुवात झाली. मामंजींच्या तोंडात शिट्टी. त्यांनी शिट्टी वाजवली की माणसं दोर ओढायची आणि भिंत खाली यायची. गल्लीतले लोक रस्त्यावर बोचकी घेऊन उभे. एका बाईला आपलं दार हवं होतं. नुसतं दार. मामंजी म्हणाले, हुकूम नाही.

"मी डबा दिला," हे म्हणाले. "त्यांनी उघडला नाही. मला म्हणाले, घरी सांगायचं नाही."

"पुढे?"

"पुढे गवत आलं. तू झाली होतीस, चालायला लागली होतीस. बाबा तुला वर घेऊन गेले. तुला ते सांगितलं, आधीपासून आहे वगैरे. मी मागेच होतो. मला वाटलं, लहान मुलीला काय सांगणार? मग तेच रोज तिथे जाऊन बसायला लागले. तेही मानायला लागले असतील. मला कुठे माहीत?"

वन्संनी पायातल्या चपला काढून दाराशी नेऊन ठेवल्या. मग म्हणाल्या, "नळीचं टोक धरायला बोलावलं तेव्हा तू पेपर वाचत होतास. मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते."

"पायाखाली काय आहे ते माहीत असताना कसं धरू?"

"एक शब्द बोलला असतास तर मी खणायला लावलं नसतं. कड गेली असती. टेकडी राहिली असती."

"मग बाबा गेले असते," हे म्हणाले. "तुझ्यापुरते."

"आता दोन्ही गेलं," वन्सं म्हणाल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. दार मोठ्याने लागलं. मला मामंजींचं दचकणं आठवलं, आणि ते का दचकत हे मला तेव्हा कळलं.

वकिलांनी बाक बदलला. मी भाजी आणायला जाताना ते दिसले, कारंज्यापाशी, वेगळ्याच माणसांत. मला बघून टोपी उचलली. "बाईंना सांगा, प्रयत्न महत्त्वाचा," म्हणाले. मी ते घरी सांगितलं नाही.

टेकडी काढायला फार वेळ लागला नाही. ट्रक आमच्या मागच्या रस्त्याने जायचे. वन्संनी खिडकी लावून घेतली, पण धूळ कुठून तरी आत यायचीच. भांड्यांवर, चादरींवर, प्रार्थनेच्या जागेवर. पुसलं की तासाभरात पुन्हा. एकदा ओलं फडकं पिळताना पाण्याला अगदी फिकट निळसर झाक दिसली. कदाचित माझ्या मनाचा खेळ असेल. पण ते पाणी मोरीत ओतायला मला जमेना. मी बादली घेऊन घरभर फिरले. कुंडीत ओतू? कुठे ओतू? कुणाची भिंत होती ती? शेवटी मोरीतच ओतलं. दुसरी कुठली जागा असते?

प्रार्थनेला बसते. मामंजींचं नाव रोज घ्यायची, ते आता घ्यावं की नाही ठरत नाही. घेतलं तर त्या दार मागणाऱ्या बाईचंही घ्यायला हवं, आणि तिचं नाव मला ठाऊक नाही. मी मागितलं होतं, खरं वर येऊ दे. आलं. देवाला दोष देता येत नाही आणि आभारही मानवत नाहीत. मी नुसती बसून राहते आणि वेळ झाली की उठते.

भाऊबहीण एका टेबलाशी जेवतात. मीठ पुढे सरकवतात. चिमटे काढत नाहीत. परवा ह्यांनी मुद्दाम उशी तिरकी ठेवली, वन्संना दिसेल अशी. त्यांनी पाहिली आणि तशीच राहू दिली. हे आत जाऊन कपाटाकडे तोंड करून उभे राहिले.

टेकडीची जागा सपाट झाली त्या आठवड्यात वन्संनी मला आत बोलावलं. टेबलावर तो नकाशा पसरलेला होता आणि त्या ब्लेडने टेकडीच्या रेघा खरवडत होत्या. बाहेरची रेघ आधी, मग आतली, मग त्याच्या आतली. कापडाचा भुगा फुंकरीने उडवत होत्या. नेहमीसारखं नखाने घोटत मात्र नव्हत्या. जागा पांढुरकी, केसाळ झाली होती, खरचटलेल्या गुडघ्यासारखी. माथ्यापाशी ब्लेड आरपार गेलं आणि एक चीर पडली. त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "इथे काय होतं म्हणून काढू?"

"घरं," मी म्हटलं.

"किती? दारं कुठल्या बाजूला? गल्ली कुठून वळायची?"

ह्यांना फक्त शेळी आठवत होती.

"मग नाही काढता येत," वन्सं म्हणाल्या. त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "शिवणीचे टाके उसवायला होईल तुम्हाला."

मी ते सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलंय. अजून वापरलं नाही. नकाशा त्यांनी गुंडाळून कपाटामागे उभा केला. कुणाला दाखवायचा म्हणून नाही, फाडवत नाही म्हणून.

बाजाराची वाट बागेच्या फाटकावरून जाते. काल आम्ही दोघी त्या वाटेने गेलो. फाटकाशी वन्सं थांबल्या, चपलेचा तळ घासला आणि सवयीने मान वर केली. समोर नुसतं आभाळ होतं, आणि खाली गाड्यांच्या काचा चमकत होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. मागून माणसं येत होती. मी त्यांचा हात धरला तेव्हा मान खाली झाली.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.